संत्र्याच्या सालीवरचा डाग नेमका कुठे पडतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या सुमारास आंबिया बहाराचे, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलोऱ्याचे, संत्रे वाशीच्या फळबाजारात उतरू लागते आणि दरवर्षीचा वाद पुन्हा सुरू होतो. क्रेट उघडताना माल स्वच्छ असतो. दोन दिवसांनी दादर-भायखळ्याच्या गाळ्यावर, नाहीतर थेट गिऱ्हाइकाच्या घरात, त्याच फळांवर तपकिरी खोलगट चट्टे उठतात. किरकोळ विक्रेता अडत्याला बोल लावतो, अडत्या गाडीवाल्याला आणि गाडीवाला शीतगृहाला. बागाइतदार म्हणतो, मी तर चांगलाच माल भरला होता. त्याचेही खोटे नसते. सालीला इजा होणे आणि तिचा डाग दिसू लागणे यांत एक ते चार दिवस जातात. सगळा घोळ या मधल्या दिवसांचा आहे.

समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून नागपूर ते भिवंडीजवळचे आमणे असा सलग ७०१ किलोमीटर खुला झाला. माल लवकर पोचू लागला, हे चांगलेच झाले. पण पूर्वी जो डाग वाटेतच उमटायचा तो आता मुंबईत आल्यावर उमटतो, आणि फळ मुंबईत बिघडले असा समज पक्का होतो. फळे तोडल्यानंतरच्या हाताळणीचे काम करणारे आम्ही काही जण सालीचा हा हिशेब आपल्या वाचकांपुढे मांडू इच्छितो, कारण यातले बहुतेक नुकसान टाळता येण्याजोगे आहे.

संत्रे, मोसंबी, लिंबू यांच्या सालीचे दोन थर असतात. आतला पांढरा, कापसासारखा, वरचा रंगीत. वरच्या थरात तेलाच्या बारीक पिशव्या दाटीने बसलेल्या असतात. संत्रे सोलताना डोळ्यांत उडतो तो फवारा त्यांचाच. संत्र्याच्या या तेलात नव्वद टक्क्यांहून अधिक भाग लिमोनीन नावाच्या द्रव्याचा असतो. पिशवीत आहे तोवर ते निरुपद्रवी. पिशवी फुटून शेजारच्या पेशींवर पसरले की त्या पेशी मरतात. मेलेला भाग आधी फिका पडतो, मग खचतो, मग तपकिरी होतो. पिशव्या मात्र दाण्यांसारख्या वर उठून दिसतात. हा तेलडाग. कधीकधी त्याचा आकार बोटाच्या ठशाएवढा असतो, कारण तो बोटानेच पडलेला असतो. एका फळाचे तेल लागून शेजारच्या धड फळावरही डाग पडतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

पिशवी कधी फुटते, हे सालीतल्या पाण्यावर ठरते. पहाटे झाडाने रात्रभर पाणी ओढलेले असते, साल ताठ असते, पिशव्या तट्ट फुगलेल्या असतात. अशा वेळी बोटाचा साधा दाबही पुरतो. पाऊस पडून गेल्यावर, बागेला पाणी दिल्यावर, धुक्याच्या सकाळी हीच स्थिती असते. दुपारी तेच फळ थोडे नरमते आणि तोच दाब सहज सोसते. म्हणून तोडणीचा पहिला नियम वेळेचा आहे. फळावरचे दव पूर्ण वाळल्याशिवाय, म्हणजे हिवाळ्यात साधारण दहा वाजण्याआधी, फळाला हात लावू नये. पाऊस झाला असेल तर एक-दोन दिवस थांबावे. तोडणीच्या आदल्या दिवशी पाणी देऊ नये. थंड हवेत तोडले की फळ टिकते हा सल्ला पालेभाजीला लागू पडतो. संत्र्याला आणि लिंबाला तो घातक आहे. गाडी दुपारी भरायची म्हणून पहाटे पाचपासून तोडा लावला जातो, आणि त्या घाईची किंमत चार दिवसांनी मुंबईत मोजली जाते. चूक लगेच ओळखण्याची एक खूण आहे. तोडणाऱ्यांचे हात तेलकट होऊन त्यांना सालीचा उग्र वास येऊ लागला, तर पिशव्या फुटत आहेत असे समजावे आणि काम दोन तास थांबवावे.

दुसरी गोष्ट देठाची. संत्र्याची साल सैल असते. फळ ओढून तोडले की देठाजवळची साल उचकटते आणि तिथे भोक पडते. वरून ते पैशाएवढेही दिसत नाही, पण बुरशीला दार उघडे होते. फळ सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) किंवा बोथट टोकाच्या कात्रीनेच तोडावे, आणि तेही दोन कापांत. पहिला काप थोडा लांब, फळ फांदीपासून सुटण्यापुरता. दुसरा काप फळ हातात धरून, देठाच्या चकतीला अगदी चिकटून. चकती फळावर राहिली पाहिजे, पण अंगठा फिरवला तर काही टोचता कामा नये. एकाच कापात काम उरकले की अर्धा इंच देठ राहतो आणि क्रेटमध्ये तो शेजारच्या फळात खिळ्यासारखा घुसतो.

इथे मुंबईच्या गिऱ्हाइकालाही एक सांगायचे आहे. पानासकट संत्रे म्हणजे ताजे, अशी आपली समजूत आहे आणि विक्रेते ती जपतात. पान लवकर सुकते, त्यामुळे हिरवे पान ताजेपणाची खूण आहे हे खरेच. पण त्या पानासाठी देठ लांब ठेवावा लागतो, आणि प्रत्येक पानवाल्या फळामागे खालच्या थरातली एक-दोन फळे टोचली जातात. पान हवेच असेल तर ते सुटे आणून मांडावे, फळाला चिकटवून आणू नये.

तोडणाऱ्याची नखे कापलेली हवीत; सुती हातमोजे असतील तर फारच उत्तम. फळे गळ्यात अडकवलेल्या कॅनव्हासच्या पिशवीत भरावी. तळातून उघडणारी पिशवी असेल तर ती क्रेटमध्ये टेकवून मगच सोडावी, वरून ओतू नये. एका वितीपेक्षा उंचावरून फळ पडू देऊ नये. क्रेटच्या तळाला कागद किंवा फोमची चादर घालावी आणि क्रेट रोज झटकून, धुऊन वापरावा. क्रेटमधली वाळू हे सालीच्या ओरखड्यांचे मोठे कारण आहे. गाडी हलली की वाळूचा कण पॉलिशपेपरचे काम करतो. क्रेट काठोकाठ भरणेही असेच महागात पडते. वरच्या क्रेटचे ओझे क्रेटच्या भिंतींनी पेलायचे असते, फळांनी नव्हे. म्हणून वर दोन बोटे जागा सुटलीच पाहिजे. खोक्यात भरताना हाच नियम, शिवाय खोक्याच्या बाजूंना निदान पाच टक्के भोके हवीत, नाहीतर आतली हवा कोंडते. आडव्या-तिडव्या रचलेल्या खोक्यांची भोके एकमेकांसमोर येत नाहीत आणि मग ती असून नसल्यासारखी होतात.

हे सगळे करायला वेळ लागतो, आणि तोडणीची मजुरी बहुतेक ठिकाणी नगावर किंवा क्रेटवर असते. जो भराभर ओढून तोडतो त्याला जास्त पैसे मिळतात. बाग मक्त्याने घेणाऱ्या व्यापाऱ्याने मजुरी दिवसावर किंवा तासावर दिली, तर निम्मे ओरखडे तिथेच कमी होतील असे आमचे स्पष्ट मत आहे. मजुराला दोष देणे सोपे आहे; त्याच्या हातात कात्री आणि पुरेसा वेळ देणे हे काम देणाऱ्याचे कर्तव्य आहे.

आतापर्यंतचे नुकसान सालीत पाणी जास्त असल्याचे होते. तोडल्यानंतर उलटा प्रकार सुरू होतो. फळाला आता झाडाचे पाणी मिळत नाही आणि साल कोरडी पडू लागते. सावली नसलेल्या बांधावर क्रेट तासभर उन्हात राहिले तरी साल हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. देठाभोवतीची साल आधी सुकते, दोन ते सात दिवसांत तिथे तपकिरी, चामड्यासारखे कडे तयार होते. ओळखायची खूण म्हणजे देठाला अगदी लगटून असलेली बारीक पट्टी मात्र धड राहते, कारण तिथे नैसर्गिक मेण जाड असते आणि श्वासरंध्रे नसतात. फळाचे वजन सुमारे पाच टक्के घटले की साल सुरकुतलेली दिसू लागते.

मृग बहाराच्या, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याच्या, मालाला हा त्रास अधिक. तो फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येतो. मार्च-एप्रिलच्या दुपारी विदर्भात हवेतली आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत उतरते. उघड्या ट्रकमधून रात्रभर वारा खात फळ येते आणि घाट उतरून मुंबईच्या दमट हवेत शिरते. कोरड्या हवेत सुकलेली साल एकदम ओलसर हवेत गेली की तिच्यातल्या थरांना पाण्याचा असमान ताण बसतो आणि साल ठिकठिकाणी खचते. नेव्हल या परदेशी जातीच्या संत्र्यावर हे प्रयोगांनी दाखवले गेले आहे. त्यावर उपाय एकच, मधल्या काळात फळ सुकूच द्यायचे नाही. तोडल्याबरोबर सावली, ट्रकवर वाऱ्याकडून झाकलेली पण वरून हवा खेळती राहील अशी ताडपत्री, आणि प्रतवारीच्या शेडमध्ये ओल्या गोणपाटाचे पडदे. पाणी पडद्यांवर मारायचे, फळांवर नाही.

इथे एक शंका येते. ताठ साल वाईट आणि सुकलेली सालही वाईट, मग करायचे काय? तोडल्यावर फळे एक दिवस सावलीत, क्रेटमध्येच, न हलवता ठेवावी. तेवढ्यात साल किंचित नरमते आणि पुढची धुलाई, प्रतवारी, भरणी सोसते. त्यापुढे मात्र मेण किंवा थंडावा यांपैकी काहीतरी मिळालेच पाहिजे. जास्त दिवस सावलीत पडून राहिलेला माल वाचत नाही.

आंबियाचा माल ऑक्टोबरात आतून तयार असला तरी रात्री उबदार असल्याने साल हिरवी राहते. म्हणून त्याला इथिलीन वायू देऊन रंग आणतात. हे कायदेशीर आहे आणि नीट केले तर सुरक्षितही आहे. कॅल्शियम कार्बाइडवर मात्र बंदी आहे. फळे पिकवण्यासाठी कायद्याने इथिलीनची कमाल मर्यादा दहा लाख भागांत शंभर भाग ठेवली आहे, पण संत्र्याला पाच ते दहा भाग पुरतात. उष्ण प्रदेशात २७ ते २९ अंश सेल्सिअस तापमान, ९० ते ९५ टक्के आर्द्रता, दोन ते तीन दिवस, आणि तासाला एकदा खोलीतली हवा पूर्ण बदललेली असावी. वायू जास्त सोडला म्हणून रंग लवकर येत नाही. देठाची चकती काळी पडून गळते आणि तिथून कूज शिरते. खोलीत आर्द्रता कमी असेल तर आधी सांगितलेले देठाचे कडे हमखास पडते. आणि तेलडाग पडलेल्या जागी हिरवा रंग जात नाही. बाकी फळ केशरी होते, डाग हिरवाच उरतो. पावसात तोडलेला माल त्याच संध्याकाळी रंगाच्या खोलीत ढकलला की पट्टेपट्टे दिसतात ते यामुळेच.

पॅकहाऊसमधल्या यंत्रांविषयी थोडक्यात. ब्रश मऊ केसांचे असावेत, मिनिटाला शंभर फेऱ्यांपेक्षा जास्त फिरू नयेत, आणि एक फळ त्यावर अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त राहू नये. ब्रश कोरडे असताना फळे कधीच सोडू नयेत. धुण्याच्या पाण्यात क्लोरीन असेल तर पाण्याचा सामू (पीएच) ६.५ ते ७.५ ठेवावा, नाहीतर क्लोरीन असून उपयोग होत नाही. मेण पातळ हवे. आपल्याकडे ताज्या फळांवर मधमाशीचे मेण, कार्नोबा (एका ताडाच्या पानांचे मेण) किंवा लाखेचे मेण लावायला परवानगी आहे, लेबलवर तसे लिहून. लाखेने चकाकी जास्त येते, पण थर जाड झाला तर फळाचा श्वास कोंडतो. चकाकणारे फळ थंडाव्याशिवाय मुंबईच्या उकाड्यात ठेवले की तेलाच्या पिशव्यांचे झुबके खचून खड्डे पडतात, आणि संत्र्याला आंबूस, दारूसारखी चव येते. मेण लावलेला माल शीतसाखळीतच राहिला पाहिजे. गाड्यावर विकायच्या मालाला चकाकीची गरजच नाही.

आता थंडाव्याचा प्रश्न. सगळी फळे एकाच खोलीत ठेवणे हा शीतगृहातला नेहमीचा दोष आहे. नागपुरी संत्र्याला ६ ते ७ अंश आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रता मानवते. कागदी लिंबाला तेवढी थंडी सोसत नाही; त्याला ८ ते १० अंश लागतात. त्याहून थंड जागी लिंबे काही आठवडे ठेवली की सालीवर खोल, तपकिरी खड्डे पडतात, आणि ते बहुधा खोलीबाहेर काढल्यावर एक-दोन दिवसांत उठतात. म्हणजे इथेही इजा एकीकडे आणि डाग दुसरीकडे. घरच्या फ्रीजमध्ये साधारण चार अंश तापमान असते. आठवड्याभराची लिंबे तिथे चालतात. महिन्याची साठवण करायची असेल तर लिंबे कोरडी पुसून, कापडात किंवा कागदात गुंडाळून डब्यात, फ्रीजच्या सर्वांत कमी थंड कप्प्यात किंवा दारात ठेवावी.

मुंबईपुरता सर्वांत दुर्लक्षित दोष घामाचा आहे. सात अंशांवरचे फळ इथल्या हवेत आणले की त्याच्यावर पाणी सुटते. हवा तीस अंश आणि आर्द्रता पंचाहत्तर टक्के असेल तर सुमारे पंचवीस अंशांपेक्षा थंड असलेली कोणतीही वस्तू ओली होते. संत्रे तर तासन् तास ओले राहते. नेमके याच वेळी खोके फोडून, फळे हाताळून, फडक्याने खसाखसा पुसून प्रतवारी केली जाते. ओल्या, ताठ सालीला हात लावायचा नाही हा बागेतला नियम इथे पुन्हा मोडला जातो, आणि ओलाव्यात बुरशीचे बीजाणू रुजतात ते वेगळेच. माल एकदम बाहेर काढू नये. मधल्या, पंधरा-सोळा अंशांच्या खोलीत काही तास ठेवावा, मग बाहेर आणून खोके न उघडता पंख्याखाली वाळू द्यावा. मधली खोली नसेल तर निदान पंखा आणि धीर, एवढे तरी असावे. खोके ओले होऊन बसले की रचलेली थप्पी खालून दबते, आणि मग मार लागलेली फळे निघतात.

बुरशीविषयी एवढेच सांगतो की हिरवी आणि निळी बुरशी धड सालीतून सहसा आत शिरत नाही. तिला जखम लागते. पंचवीस अंशांच्या आसपास जखमेत रुजलेला बीजाणू तीन-चार दिवसांत मऊ, पाणीदार डाग म्हणून दिसतो, मग पांढरा होतो, मग हिरवा. एका सडक्या फळावर बीजाणूंचा अक्षरशः धुरळा असतो, म्हणून ते प्रतवारीच्या टेबलावर आपटू नये. पिशवीत बंद करून बाहेर न्यावे. निळी बुरशी थंडीतही वाढते आणि स्पर्शाने पसरते, त्यामुळे शीतगृहात खोक्यांच्या आत तिची घरटी सापडतात. रसायनांवर भरवसा ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की औषध जखमेतल्या बुरशीला रोखते, तेलडाग पुसत नाही.

प्रत्येक डाग वाईट नसतो, हेही गिऱ्हाइकाने ओळखावे. फळ कोवळे असताना फुलकिड्यांनी खरवडलेल्या जागी देठाभोवती करड्या-रुपेरी रेषा राहतात. कोळी नावाच्या अतिसूक्ष्म किडीमुळे साल तांबूस, खरखरीत होते. विदर्भात त्याला लाल्या म्हणतात. हे डाग जुने, कोरडे, सपाट असतात. वाढत नाहीत, सडत नाहीत, आत फळ गोड असते. बोट फिरवल्यावर डाग खोलगट, मऊ किंवा ओलसर लागला तरच फळ बाजूला ठेवावे. नुसत्या रंगरूपावरून लाल्याचा माल निम्म्या भावात मागणे बागाइतदारावर अन्याय आहे.

बाजार समितीकडे आमच्या दोन मागण्या आहेत. क्रेट जमिनीवर पालथे करून फळांची रास घालणे आणि त्यातून निवडणे बंद व्हावे. त्यासाठी कडेला उंच काठ असलेली, वर फोम घातलेली टेबले पुरवावीत. कमरेच्या उंचीवर काम केल्याने हमालांची पाठही वाचेल. दुसरे, दाराशी येणाऱ्या मालाच्या चिठ्ठीवर तोडणीची तारीख आणि वेळ लिहिणे सक्तीचे व्हावे, आणि तोडणी कात्रीची की हाताची हेही. चार दिवसांनी डाग उठला की तो कुठल्या सकाळचा, हे मग भांडण न करता शोधता येईल. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ते नाव क्रेटवर छापले जाते, तशी तोडणीची वेळही छापता येईल.

आपल्या दैनिकालाही एक विनंती आहे. बाजारभावाच्या रकान्यात संत्रे आणि मोसंबीचा किमान, कमाल दर छापून येतो. त्याच ओळीत कात्रीने तोडलेल्या मालाचा दर वेगळा छापता आला, तर वरूड-मोर्शीपासून जालन्यापर्यंतचा बागाइतदार तो रोज वाचेल आणि दोन काप देण्याची मजुरी परवडते की नाही हे स्वतःच ठरवील.

आपले,
फळे काढणीनंतरच्या हाताळणीचे काम करणारे काही जण,
मुंबई